हजार-वीसची ट्यूब

नांदूरमधमेश्वरच्या अलीकडे, पाटाच्या कडेनं वळलं
की डांबर संपतं.
पुढे नुसता मुरूम,
मधोमध गवताची शेंडी राखलेला.
चाकाखाली तो वाजतो
कुणी शेजारी बसून फुटाणे खातंय तसा.

तेहतीस वर्षं एस.टी. चालवली.
नाशिक-धुळे, नाशिक-शिर्डी, रात्रीची नागपूर.
गोदावरी किती वेळा ओलांडली, मोजदाद नाही,
पण पाहिली ती कठड्याच्या गजांमधून,
चिरलेल्या काकडीसारखी,
चकती चकती.

शेवटच्या दिवशी डेपोनं शाल दिली, नारळ दिला.
पोरीनं सायकल दिली, जाड टायरची.
डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून फिरतो,
असं सोसायटीत सांगतो.
खरं कारण सांगायचं
तर आधी ते मला कळायला हवं.

पाय अजून एस.टी.तच आहेत.
उतार आला की उजवा पाय ब्रेक दाबतो
आणि सायकल आणखी जोरात सुटते.
वळणावर तळहात हॉर्न शोधतो.
समोर कोण? एक टिटवी,
तीही पायी.
आरसा नाही, म्हणून पहिले आठ दिवस मान दुखली
मागे कुणी नाही
हे पुन्हा पुन्हा बघून.

आज निफाडचा गारठा असा
की द्राक्षबागांत शेकोट्या अजून धुमसत होत्या,
तो धूर आणि नदीची वाफ
बांधावर एकमेकांत मिसळून उभी.
त्यात बाभळीचा काटा.
हवा गेली त्याचा आवाज
अख्ख्या पाणथळीला ऐकू गेला असावा,
बदकांचा एक थवा उठला, थोडा फिरला,
विशेष काही नाही म्हणून परत बसला.
मी सवयीनं मागे वळलो सांगायला,
उतरा सगळे, मागच्या गाडीत बसवून देतो.
मागे पाणकणसं उभी होती,
तिकीट काढल्यासारखी.

तेवढ्यात पाण्यातून एक माणूस आला.
होडी नाही, नाव नाही,
काळ्या ट्यूबमध्ये बसलेला,
दोन ताटल्यांनी वल्हवत,
मांडीवर ओलं जाळं.
पुंजाराम गांगुर्डे.
मी नावाआधी ट्यूब ओळखली.
हजार-वीस.
मागच्या जोडचाकांत असते ती.

त्यानं काही विचारलं नाही.
सायकलची ट्यूब सोडवली, तोंडानं थोडी फुगवली,
नदीत बुडवून हळूहळू फिरवत गेला.
एका जागी बुडबुडे.
इतके बारीक, इतके शिस्तीत,
की आम्ही दोघं थोडा वेळ नुसते बघत राहिलो.
मग कनवटीच्या डबीतून सोल्युशन, कानस, ठिगळ.
"माझ्या हिला बारा हायेत," म्हणाला,
आणि आपल्या ट्यूबवर थाप मारली
बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

ती माझ्याच गाडीची असेल?
नसेलच. हजारो भंगारात जातात.
तरी मी ठिगळं मोजली. तेराच भरली.
एवढं वजन, एवढे खड्डे,
आणि आता एक माणूस,
दीड किलो मासळी, वर तरंगणं.

ठिगळ वाळेपर्यंत त्यानं पक्षी दाखवले.
तो चमचा. ते शेकाटे, लाल पायाचे.
आणि तो लांबचा, एकटा?
"त्याचं नाव नाय ठाऊक. रोज येतो पण."
मला बरं वाटलं.
कितीतरी माणसं रोज सहाच्या गाडीला चढायची,
मीही त्यांना असंच ओळखत होतो.

पैसे घेतले नाहीत.
ट्यूबमध्ये बसता बसता विचारलं,
"कुठवर निघाले?"
"कुठवर असं नाही."
त्यानं पाटाकडे पाहिलं,
धुक्यात शिरलेल्या मुरमाकडे पाहिलं.
"मंग लांब आहे," म्हणाला,
आणि ताटल्या पाण्यात घातल्या.